कपाट येणार असेल तर

वर्कशॉपमध्ये कप्पाताईचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला माहीत आहे. बाकी सगळे, मालकापासून रंगाऱ्यापर्यंत, तिला कप्पाताईच म्हणतात. हे नाव कुणी पाडलं याबद्दल दोन मतं आहेत. सुतारमामा म्हणतात त्यांनी पाडलं, रंगारी म्हणतो त्याने. ते चपखल बसलं याबद्दल मात्र दुमत नाही. या बाईला रिकामी जागा बघवत नाही. पायरी दिसली की तिच्या पोटात एखादा खण बसेल का, हे ती आधी बघते आणि मग पायरी चढते.

वर्कशॉप म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाने जुन्या मिनीबस आणि मालवाहू गाड्या आत येतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या टोकाने कॅराव्हॅन होऊन बाहेर पडतात. ओटा, बेसिन, बसायला बाक आणि सगळ्यात मागे झोपायची खोली. इंजिन मेकॅनिक बघतात, पाणी आणि वीज बघणारे वेगळे. मागची खोली कप्पाताईची. पलंग आडवा की उभा, कपडे कुठे, पांघरुणं कुठे, उशाशी चष्मा कुठे टेकवायचा, हे ती ठरवते, कागदावर काढते आणि सुतारमामांकडून करून घेते.

इथे येण्याआधी ती फर्निचरच्या दुकानात घरांच्या कपाटांचे आराखडे काढायची. दोन्ही कामांतला फरक विचारला तर ती लांबण लावत नाही. ‘‘घरातलं कपाट चुकलं तर माणूस चार दिवस कुरकुरतो आणि मग सवय करून घेतो. गाडीतलं चुकलं तर पहिल्याच वळणावर ते डोक्यात येतं.’’

खरंच येतं. म्हणून गाडीतल्या खणाला खिट्टी लागते. जड सामान खाली, चाकांच्या आसपास, आणि हलकं वर, छताशी. एका बाजूला सगळी पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या उशा ठेवल्या तर गाडी दारू प्यायल्यासारखी एका अंगाने चालते. चाकाचा उंचवटा खोलीत घुसलेला असतो, त्याच्यावर काय ठेवायचं हा प्रश्न निराळाच. पलंगाचा कोपरा गोल केला नाही तर नडगीवर कायमची निळी खूण. हे सगळं कप्पाताईला पाठ आहे. तरीही ती नुसत्या आराखड्यावर विश्वास ठेवत नाही.

तिची स्वतःची एक रीत आहे. आराखडा तयार झाला की ती शेडच्या मोकळ्या भागात जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने अख्खी खोली आखते, पूर्ण मापाची. भिंतींना लाल पट्टी, पलंगाला पिवळी, कपाटांना निळी. मग गिऱ्हाइकाला बोलावते. येताना गाडीतून न्यायचं सगळं सामान आणायचं, ही अट. तोंडी माप तिला चालत नाही. ‘दोन-चार स्वेटर असतील’ म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीतून लोकरीचं दुकान निघालेलं तिने पाहिलंय.

सामान आलं की ती म्हणते, ‘‘झोपा.’’

गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं. वेल्डर काम थांबवून उभा असतो, रंगारी ब्रश हातात धरून असतो.

‘‘इथे? जमिनीवर?’’

‘‘पिवळ्या पट्टीच्या आत. आणि रोज झोपता तसे झोपा, फोटोसाठी झोपल्यासारखे नको.’’

मग उठायचं, चप्पल शोधायची, चष्मा शोधायचा, जोडीदाराला न तुडवता बाहेर पडायचं, मोजे काढायचे, पँट चढवायची. लाल पट्टीवर पाय पडला तर भिंतीवर आपटलात. निळ्या पट्टीवर पडला तर कपाट फुटलं. यात भले भले पडतात. एकदा एक धिप्पाड गृहस्थ पँटमध्ये पाय घालताना सरळ शेजारच्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांची बायको इतकी हसली की बाईंना बसायला खुर्ची द्यावी लागली. त्या गाडीत पलंग वीतभर सरकला.

घरी तिच्या नवऱ्याने यातून आपल्यापुरती मजा काढली आहे. तो चष्म्याच्या दुकानात आहे आणि त्याचं म्हणणं, ज्या घरात जिन्याच्या पायऱ्यांत खण, खिडकीच्या कठड्यात खण, बाकाच्या पोटात खण, त्या घरात साधी काडेपेटी सापडत नाही. कुणी पाहुणा आला की तो सांगतो, ‘‘फार वेळ एका जागी उभे राहू नका. ती तुम्हाला बिजागरी लावेल.’’

तर अशा या कप्पाताईकडे तिचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, एक जुनी मिनीबस घेऊन आले.

भाऊजी आयुष्यभर बसचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं होतं, काहींना दोनदा. त्यांच्या डोक्यात एकच होतं. घंटीशिवाय गाडी चालवायची. कुणी मागून घंटी मारली म्हणून थांबायचं नाही आणि कुणी मारली म्हणून निघायचं नाही. समुद्र दिसला, थांबलो. झाड आवडलं, थांबलो. त्यासाठी त्यांनी डेपोतून बाद झालेली मिनीबस हुडकून आणली होती. इंजिन स्वतः उघडून बसवलं होतं. आता मागची खोली मेहुणीने करायची.

‘‘पावसाळा संपला की निघायचं,’’ ते म्हणाले. ‘‘वर्षभर. पण एक अडचण आहे.’’

‘‘आक्का,’’ कप्पाताई म्हणाली.

‘‘आक्का,’’ भाऊजींनी मान हलवली. ‘‘ती नाही म्हणत नाही. हो म्हणत नाही. काल म्हणाली, माझं कपाट येणार असेल तर मी येते.’’

‘‘आणि नाही आलं तर?’’

भाऊजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘‘तर मीही नाही. अगं, एकट्याने गाडी आयुष्यभर चालवली. मागे पन्नास माणसं बसलेली असली तरी ड्रायव्हर एकटाच असतो. आता शेजारच्या सीटवर कुणी बसणार नसेल तर ही बस मी आल्या वाटेने परत नेऊन उभी करतो.’’

कप्पाताईने बसभोवती एक चक्कर मारली. तिला आतून आनंदच झाला होता. कपाट! समुद्र आणा म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. कपाट गाडीत बसवणं हा तर तिचा हातखंडा.

आक्काचं कपाट तिला लहानपणापासून नसलं तरी आक्काच्या लग्नापासून माहीत होतं. लाकडी, जड, दोन दारांचं. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात उभं. त्यात काय आहे हे आक्काखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि आक्का त्यात किती वेळ असते हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. दुपारी फोन केला की भाऊजी उचलायचे आणि सांगायचे, ‘‘आक्का कपाटात आहे. नंतर कर.’’ जसं कुणी आंघोळीला गेलंय म्हणून सांगावं तसं. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. कप्पाताईलाही इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं.

ती टेप घेऊन आक्काकडे गेली आणि अख्खं कपाट पलंगावर रिकामं करून घेतलं. चादरी, शाली, लोकरीचे गुंडे, अर्धे विणलेले स्वेटर, मुलीच्या लहानपणीचे मोजे, तीन कात्र्या आणि त्यातली एकच कापणारी, केव्हाच बाद झालेल्या इस्त्रीचं गॅरंटी कार्ड, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, फोटोंची पेटी आणि बटणांचा एक डबा. तो उचलताना कप्पाताईच्या तोंडून ‘‘अगं आई गं’’ निघालं.

‘‘हा डबाही?’’

‘‘हाही,’’ आक्का म्हणाली.

‘‘आक्का, समुद्रावर तुला बटणं कशाला?’’

‘‘समुद्रावर बटणं तुटत नाहीत का?’’

कप्पाताईने सगळ्याची मापं घेतली, वजनं अंदाजली आणि पुढचे काही दिवस कामात बुडून गेली. इतका सुंदर आराखडा तिच्या हातून क्वचित उतरला होता. पलंग मागच्या भिंतीला आडवा. त्याची फळी वर उचलली जायची आणि खाली चादरी. बटणांचा डबा थेट चाकाच्या उंचवट्याशेजारी, सगळ्यात खाली, पक्क्या खिट्टीच्या खणात. लोकर वर, छताशी, जाळीच्या दारामागे, म्हणजे रंग दिसत राहतील. पलंगाच्या पायथ्याशी खणांची एक उतरंड, कात्र्यांना वेगळा खण, फोटोंना वेगळा. गॅरंटी कार्डासाठीसुद्धा दाराच्या आतल्या बाजूला एक चपटा खिसा. सुतारमामांनी कागद बघून चष्मा वर केला. ‘‘ताई, हे कपाट नाही, हे मधमाश्यांचं पोळं आहे.’’

कप्पाताईने ते कौतुक म्हणून घेतलं.

चाचणीच्या दिवशी शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. कप्पाताईची सख्खी बहीण म्हणजे आता गंमत येणार, असा सगळ्यांचा होरा होता. पण आक्का पहिल्या फटक्यात पास झाली. पिवळ्या पट्टीत आडवी झाली, हात लांब केला आणि चष्मा हाताशी. उठली, चप्पल पायाशी. शाल मागितली तर डाव्या हाताला शाल. लाल पट्टीला पाऊल लागलं नाही. आणलेलं सगळं सामान निळ्या चौकोनांत बसलं आणि वर दोन चौकोन रिकामे उरले. रंगाऱ्याने टाळ्या वाजवल्या. भाऊजींचा चेहरा खुलला.

आक्का चौकोनांच्या मध्ये उभी राहून सगळीकडे बघत होती.

‘‘छान आहे,’’ ती म्हणाली.

कप्पाताईने टेप मिटला. भाऊजींनी टोपी डोक्यावर घातली. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण या दोघांना आक्काचं ‘छान’ माहीत होतं. भाऊजींनी एकदा हौसेने बाहेरची खोली पिवळी रंगवली होती, तेव्हा आक्का असंच छान आहे म्हणाली होती. आठवड्याभरात ती खोली परत पांढरी झाली. आवडलेल्या गोष्टीला आक्का नावं ठेवते. हे असं कशाला, ते तसं कशाला, इथे जरा मोठं हवं होतं. छान म्हणाली की विषय मिटला.

‘‘आक्का, काय कमी आहे ते तरी सांग.’’

‘‘कमी कुठे काय? तू सगळंच बसवलंयस,’’ आक्का पदार्थाला मीठ बरोबर पडलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली. ‘‘पण मी म्हणते, तुम्ही या फिरून. घराकडे कुणीतरी बघायला हवं.’’

भाऊजी बसमध्ये चढले, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि पुढचे लावून ठेवलेले दिवे त्यांनी बंद केले.

त्यानंतरचे दिवस कप्पाताईचे वाईट गेले. बहीण येत नाही याचं दुःख होतंच. पण खोटं कशाला सांगा, आराखडा नापास झाल्याचं जास्त झोंबत होतं. कुठे कमी पडले असेन? जागेतच. तिला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. आयुष्यभर जे काम केलं त्याचंच उत्तर तिने पुन्हा काढलं. पलंगाच्या डोक्याशी आणखी एक फडताळ घातलं. खिडकीखाली दोन खण काढले. छताशी तिसरी जाळी लावली. सुतारमामा कागद बघत होते. शेवटी म्हणाले, ‘‘ताई, आता माणसं उरलीत बघा. त्यांनाही एकेक कप्पा करा आणि खिट्टी लावून टाका.’’

नवराही घरी तेच म्हणाला, वेगळ्या शब्दांत. ‘‘तुला विचारलं तर तू डोकेदुखीवरही खण काढशील.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘तुझ्या त्या गिऱ्हाइकांना करायला लावतेस तेच कर की. त्यांना कसं म्हणतेस, रोज झोपता तसे झोपा. आक्का रोज काय करते ते बघितलंस का कधी? तू तिचं सामान बघितलंस.’’

कप्पाताईने त्याच्याकडे रागाने बघितलं, कारण तो बरोबर बोलत होता आणि वर काडेपेटी शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शालींच्या घड्या परत मोजायच्या निमित्ताने आक्काकडे गेली. भाऊजी बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. पुढे पसरलेल्या नकाशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

‘‘आक्का?’’

‘‘कपाटात आहे,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘जा आत. तू घरचीच आहेस.’’

आक्काच्या झोपायच्या खोलीतून मागच्या अंगणात जायला वाट होती. त्यामुळे ती नावाची झोपायची खोली आणि कामाचा रस्ता. कपडे वाळत घालायला, नळ बंद करायला, झाडू आणायला, जो तो तिथून जायचा. बाहेरच्या खोलीत भाऊजी आणि रेडिओ. स्वयंपाकघरात कुणीही केव्हाही. कप्पाताई या घरात हजार वेळा आली होती आणि तीही त्या खोलीतून हजार वेळा अंगणात गेली होती.

कपाटाचं एक दार उघडं होतं. पूर्ण उघडून ते असं आडवं धरलं होतं की एका बाजूला कोपऱ्याची भिंत, एका बाजूला दार आणि समोर कपाट. मध्ये पायांखाली एका माणसापुरती जागा. त्या जागेत एक बुटकं स्टूल होतं आणि स्टुलावर आक्का. समोरच्या फळीवर चादरी जरा आत सरकवून तिने चहाचा कप ठेवला होता. मांडीवर अर्धं विणलेलं काहीतरी होतं, पण सुया चालत नव्हत्या. आक्का काहीही आवरत नव्हती. नुसती बसली होती आणि हलक्या आवाजात गुणगुणत होती, तेही बेसूर.

‘‘काय करतेयस?’’ कप्पाताईने विचारलं.

‘‘कपाट आवरतेय.’’

‘‘चहा पीत?’’

‘‘मग? कपाट काय पळून चाललंय?’’

तेवढ्यात बाहेरून भाऊजींची हाक आली. ‘‘अगं, ऐकलंस का? तो नेलकटर कुठाय?’’

‘‘कपाटात आहे मी!’’ आक्का ओरडली.

बाहेर खण ओढल्याचा, दुसरा खण ओढल्याचा आवाज, आणि मग भाऊजींचा स्वतःवरच खूश झालेला आवाज, ‘‘सापडला गं!’’

आक्काने चहाचा घोट घेतला. कप्पाताई दाराच्या कडेला तशीच उभी राहिली. एरवी या घरात नेलकटर आक्काच्या हातूनच सापडतो. सुई, पावती, डोळ्यांवरचा चष्मासुद्धा. कपाटाचं दार उघडं असलं की मात्र ज्याचं त्याला सापडतं.

तिने टेप काढला. वाकून एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात धरलं आणि दुसरं दाराच्या कडेपर्यंत नेलं. मग स्टुलापासून फळीपर्यंत.

‘‘आता काय मोजतेस, धाकटे?’’ आक्काने पाय वर घेतले. ‘‘कपाट मोजून झालंय तुझं.’’

‘‘आतून झालंय,’’ कप्पाताई म्हणाली. ‘‘बाहेरून राहिलं होतं.’’

आक्काने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, ‘‘तिथे चहाचा डाग आहे, हात खराब होईल.’’ आणि बाजूला सरकली नाही.

वर्कशॉपमध्ये परत येऊन कप्पाताईने आधीचा सुंदर आराखडा गुंडाळून ठेवला. सुतारमामांना वाटलं, आता चौथी जाळी. पण नव्या कागदावर बघून ते गोंधळले. पलंगाच्या पायथ्याची खणांची उतरंड गेली होती. खिडकीखालचे खण गेले होते. पलंगाचा एक कोपरा तिरका कापला होता आणि तिथे जमिनीचा एक तुकडा रिकामा सोडला होता. कप्पाताईने, रिकामा!

‘‘ताई, बरं वाटत नाहीये का?’’

‘‘मामा, इकडे बघा. पलंगाकडे जायची ही अरुंद वाट. तिच्या कडेला हे उभं कपाट. त्याला एकच दार, खालून वरपर्यंत. बिजागरी पुढच्या, ड्रायव्हरकडच्या कडेला. दार उघडलं की ते वाटेत आडवं येणार आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकणार. तिथे कडी.’’

सुतारमामांनी बोटाने दार हवेत फिरवून बघितलं. ‘‘म्हणजे कपाट उघडलं की वाट बंद.’’

‘‘कपाट उघडलं की खोली बंद. पुढून कुणी मागे येऊ शकत नाही. आणि इथे स्टूल.’’

‘‘आणि तो दणकट बटणांचा डबा? ही फोटोंची पेटी?’’

‘‘जागा नाही,’’ कप्पाताई म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून त्या शेडमध्ये पहिल्यांदाच निघाले असावेत, कारण रंगारी वळून बघायला लागला.

सुतारमामांनी तरी वाद घातलाच. एवढं उंच दार चालत्या गाडीत धडाधड आपटेल. नाही आपटणार, चालताना दोन कड्या, वर एक आणि खाली एक. प्लाय जाड घेतला तर वजन वाढेल, पातळ घेतला तर वाकेल. चौकट लाकडाची आणि मध्ये पातळ प्लाय. पलंगाचा कोपरा कापला तर तिथे झोपणाऱ्याचा पाय कुठे जाणार?

‘‘त्या बाजूला भाऊजी झोपणार.’’

‘‘मग त्यांचा पाय?’’

‘‘बाहेर,’’ कप्पाताई म्हणाली.

दुसऱ्या चाचणीला एक अडचण होती. चिकटपट्टीने भिंत दाखवता येते, पलंग दाखवता येतो, पण उघडणारं आणि मिटणारं दार दाखवता येत नाही. कप्पाताईने शेडच्या मागच्या ढिगातून कुठल्यातरी मोडीत काढलेल्या कपाटाचं उंच दार आणलं. ते नुसतं जमिनीवर उभं राहीना.

‘‘मामा, बिजागरी व्हा.’’

‘‘काय?’’

‘‘या कडेला उभे राहा, दार घट्ट धरा आणि ती ओढेल तसं फिरा.’’

अशा रीतीने वर्कशॉपमधले सगळ्यात ज्येष्ठ सुतार निळ्या पट्टीच्या कोपऱ्यात दार कवटाळून उभे राहिले. समोरच्या लाल पट्टीवर वेल्डर कडी म्हणून उभा राहिला. आक्का आली ती आधीच कंटाळलेल्या चेहऱ्याने. भाऊजी टोपी हातात धरून लांब उभे होते. त्यांनी फार आशा ठेवली नव्हती.

आक्का पट्ट्यांच्या आत गेली. आजूबाजूला बघितलं आणि तोंड सुरू झालं. ‘‘हे काय, अर्ध्या वस्तू कुठे गेल्या? हा पलंगाचा कोपरा कुणी खाल्ला? आणि इथे मध्येच मोकळी जागा कशाला सोडलीस, माणूस ठेचकाळेल.’’

कप्पाताईचा जीव थोडा भांड्यात पडला. आक्का नावं ठेवत होती.

‘‘त्या मोकळ्या जागेत स्टूल ठेवलंय. बस. आणि दार ओढ.’’

‘‘कुठलं दार? हे यांनी धरलेलं?’’

‘‘वहिनी, ओढा बिनधास्त,’’ सुतारमामा म्हणाले. ‘‘मी तेल घातलेलाच आहे.’’

आक्काने दाराची कड धरली आणि ओढली. सुतारमामा जागच्या जागी गर्रकन फिरले, दार आडवं आलं, वेल्डरने ते पकडलं आणि तोंडानेच ‘खट्’ असा आवाज काढला. आक्का दिसेनाशी झाली. बाहेरून आता फक्त एक दार, दाराला चिकटलेले सुतारमामा आणि खाली फटीतून आक्काच्या चपला दिसत होत्या.

चपला आधी सरळ होत्या. मग त्या एकावर एक आल्या, माणूस बसून पाय आरामात टाकतो तशा.

वेळ गेला. सुतारमामांनी हात बदलला. वेल्डरने भुवयांनी विचारलं, किती वेळ? कप्पाताईने बोटाने दटावलं. रंगारी म्हणाला, ‘‘बाई झोपल्या वाटतं,’’ आणि त्याला कोपराने ढोसून गप्प केलं गेलं.

भाऊजींना राहवेना. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी घरात मारतात तशी हाक मारली.

‘‘अगं, ऐकलंस का?’’

दारामागून आवाज आला, ‘‘कपाटात आहे मी!’’

भाऊजींनी ‘‘बरं, बरं’’ म्हटलं, सवयीने दोन पावलं मागे गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते कप्पाताईकडे बघायला लागले. कप्पाताई सुतारमामांकडे बघत होती, कारण भाऊजींकडे बघणं तिला जमलं नसतं.

‘‘वहिनी,’’ सुतारमामा दाराला गाल लावून म्हणाले, ‘‘खुशाल बसा. पण बिजागरीला पाठीचा त्रास आहे.’’

दारामागून आधी हसू आलं आणि मग आक्का. बाहेर येताच तिने सांगायला सुरुवात केली. कडी आतून हवी. फळी चार बोटं खाली हवी, कप ठेवायला. आणि स्टूल हे नको, तिचं घरचं हवं. कप्पाताई सगळं लिहून घेत होती. छान हा शब्द एकदाही आला नाही.

सामानाचं आक्कानेच उरकलं. भांडणाची तयारी करून गेलेल्या कप्पाताईला बोलायला जागाच मिळाली नाही. चादरी दोन, शाली दोन, लोकर एका पिशवीत मावेल तेवढी, चालणारी कात्री. फोटोंची पेटी मुलीकडे. गॅरंटी कार्ड आक्काने स्वतःच्या हाताने फाडलं. ‘‘हे सगळं लागतं कुणाला? कपाट उघडून बसायचं म्हणजे आत काहीतरी असायला हवं, नाहीतर लोक विचारतात.’’ बटणांचा डबा तिने धाकट्या बहिणीच्या हातात ठेवला. ‘‘तुझ्याकडे खण पुष्कळ आहेत.’’ त्या संध्याकाळी कप्पाताईच्या नवऱ्याने तो उचलून बघितला आणि विचारलं की हा चाकावर ठेवायचा की चाकाच्या जागी.

पावसाळा संपला आणि बस निघाली. पुढे भाऊजी, शेजारच्या सीटवर आक्का. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आक्का खिडकीतून सांगत होती की कडी जरा घट्ट बसवली आहेस.

त्या दाराची शेडमध्ये चाल पडली. आता प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक तसं दार मागतं आणि सुतारमामा आराखडा हातात घेताच विचारतात, ‘‘या गाडीत आक्का बसवायची का?’’ कप्पाताईचं चिकटपट्टीचं काम चालूच आहे. फक्त आता झोपा म्हणण्याआधी ती गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारते. घरात तुम्ही कुठे सापडत नाही? बहुतेक लोक हसतात. मग थोडं थांबून सांगतात. कुणी गॅलरी सांगतं, कुणी मोरी, एका गृहस्थांनी पाण्याच्या टाकीमागची जागा सांगितली आणि त्यांच्या बायकोला ते तिथेच पहिल्यांदा कळलं.

भाऊजींचा फोन येतो. परवा आला तेव्हा मागून समुद्राचा आवाज येत होता. बस मस्त चालते, म्हणाले. घंटी नाही. एकच तक्रार, झोपलं की त्यांचा उजवा पाय कापलेल्या कोपऱ्यावरून बाहेर लोंबतो.

‘‘सवय होईल,’’ कप्पाताई म्हणाली. ‘‘आक्काला द्या ना जरा.’’

‘‘नंतर कर,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘कपाटात आहे.’’